ओपनसिममध्ये फोर्स गंडतोय? शोधायला कुठून सुरुवात करायची

"दादा, माझ्या माणसाला क्वाड्रिसेप्सच नाहीयेत."

गेल्या द्राक्ष सीझनला फिजिओच्या पीजीचा एक पोरगा गंगापूर रोडवरच्या माझ्या खोलीवर आला तो उघडा लॅपटॉप हातात घेऊनच, आणि त्याचं पहिलं वाक्य हे. माणूस म्हणजे दिंडोरीकडचा, बागेत काम करणारा धडधाकट गडी. तो उकिडवा बसून क्रेट उचलतो त्याचा मोशन कॅप्चरचा डेटा होता आणि स्टॅटिक ऑप्टिमायझेशन, म्हणजे सांध्याला लागणारं बळ स्नायूंमध्ये वाटून देणारा हिशोब, सांगत होतं की खाली बसताना मांडीच्या पुढचे स्नायू जवळपास बंद आणि मागचे हॅमस्ट्रिंग जोरात चालू. आता असं होतं का, तुम्हीच उकिडवं बसता बसता मध्ये थांबा आणि मांडीला हात लावून बघा. पोरानं तीन आठवडे क्वाड्रिसेप्सची ताकद वाढवून बघितली, दुप्पट केली, तिप्पट केली, ढिम्म फरक नाही. पडणारच नव्हता, कारण चूक स्नायूत नव्हतीच, गुडघ्याला लावलेल्या एका लिमिट फोर्सच्या एका आकड्यात होती. ते खाली सांगतो.

हे लिहितोय ते ज्यांनी ओपनसिम, म्हणजे माणसाच्या हालचालीवरून स्नायू-सांध्यांवरचं बळ काढायचं सॉफ्टवेअर, नुकतंच हातात घेतलंय त्यांच्यासाठी. आरोग्य विद्यापीठ इथंच म्हसरूळला असल्यामुळे असेल पण नाशकात फिजिओची आणि मेकॅनिकलची पोरं हल्ली यात बरीच शिरतायत, सॉफ्टवेअर फुकट आहे, स्टॅनफर्डवाल्यांनी बनवलंय, २००७ पासून लोकांच्या हातात आहे, तयार मॉडेलं मिळतात, त्यामुळे सुरुवात सोपी वाटते आणि मग पहिल्याच स्वतःच्या डेटाला गाडी अडकते. मी सगळं ४ च्या पुढच्या व्हर्जनला धरून सांगतोय.

एक क्रम डोक्यात ठेवा. कुठलाही फोर्स संशयास्पद वाटला की आधी तो चालू आहे का बंद, मग त्याचं युनिट, मग प्लस-मायनस, मग तो कुठल्या बॉडीच्या (हाडाच्या) फ्रेममध्ये म्हणजे अक्षांमध्ये लिहिलाय, आणि हे चारही बघून झाल्यावरच आकडा मोठा हवा का लहान. नवीन माणूस बरोब्बर उलटा जातो, पहिल्या दिवशी आकडेच फिरवत बसतो.

पायरी १: कॉपी मारा आणि फोर्स मोजा

मूळ मॉडेलला हात लावू नका. कॉपी करा, नावात तारीख टाका आणि प्रत्येक बदलाला नवीन कॉपी करा. "फायनल", "फायनल नवीन", "फायनल खरंच" असली नावं मीही ठेवलीयत आणि एकदा त्यातलं चुकीचं "फायनल" गाइडसमोर उघडलंय, तेव्हापासून तारीखच.

मग डाव्या बाजूच्या नॅव्हिगेटरमध्ये मॉडेलखाली फोर्सेस उघडा आणि काय काय आहे ते कागदावर लिहा. खरंच कागदावर. पोरांना वाटतं फोर्स म्हणजे स्नायू. स्नायू त्यातला एक प्रकार झाला. शिवाय लिगामेंट असतात, स्प्रिंग असतात, सांध्याला शेवटच्या टोकाला अडवणारे कोऑर्डिनेट लिमिट फोर्स असतात, दोन हाडांमध्ये रबराच्या बुशसारखं काम करणारे बुशिंग असतात, जमिनीशी टेकण्याचे कॉन्टॅक्ट फोर्स असतात, सांध्यावर मोटर बसवल्यासारखे अ‍ॅक्च्युएटर असतात. फोर्स प्लेटवरून, म्हणजे पायाखालचं बळ मोजणाऱ्या पाटीवरून, येणारं बाहेरचं बळ तर या यादीत दिसतच नाही, ते वेगळ्या फाइलमधून रन करताना जोडलं जातं, तेही कागदावर लिहा. कुणाकडून पेन ड्राइव्हवर आलेलं मॉडेल असेल तर यादीत तुम्ही न टाकलेलं काहीतरी हमखास सापडतं.

लॉग फाइल पण वाचा. मेसेजेसची खिडकी बंद करून टाकायची सवय असते लोकांना आणि नेमकं तिथंच लिहिलेलं असतं की अमुक नावाचा कोऑर्डिनेट (म्हणजे सांध्याचा एखादा कोन किंवा सरकणं) सापडला नाही. नावात स्पेलिंग, कॅपिटल-स्मॉल, सगळं जुळावं लागतं.

पायरी २: चालू की बंद

सोपं वाटतं ना? इथंच एक जुनं भोक आहे. ३ नंबरच्या व्हर्जनपर्यंत प्रत्येक फोर्सला "इज डिसेबल्ड" असा टॅग होता, म्हणजे ट्रू लिहिलं की फोर्स बंद. ४ पासून तो गेला आणि "अप्लाइज फोर्स" आला, इथं ट्रू म्हणजे चालू. अर्थ उलटा झाला. जुनी अख्खी फाइल नव्या व्हर्जनमध्ये उघडली तर सॉफ्टवेअर फाइलच्या डोक्यावरचा व्हर्जन नंबर बघून स्वतः बदल करून घेतं, तिथं काळजी नाही. पण तुम्ही जुन्या फाइलमधला एखादा फोर्सचा तुकडा उचलून ४०००० नंबरच्या नव्या फाइलमध्ये टेक्स्ट एडिटरनं चिकटवला तर त्यातला "इज डिसेबल्ड ट्रू" कुणी वाचतच नाही, आणि बंद आहे असं तुम्ही समजत असलेला फोर्स आरामात चालू राहतो. म्हणून हातानं चिकटवलं की ती फाइल सॉफ्टवेअरमध्ये उघडायची, वेगळ्या नावानं सेव्ह करायची आणि परत टेक्स्टमध्ये उघडून बघायचं की आपली ओळ शिल्लक आहे का. गायब असेल तर ती त्यानं ओळखलेलीच नाही.

आता एक युक्ती, अर्धे प्रॉब्लेम इथंच पकडले जातात. इन्व्हर्स डायनॅमिक्सच्या (हालचाल आणि बाहेरचं बळ देऊन सांध्यांचे मोमेंट, म्हणजे सांधा फिरवणारं बळ, काढायचा हिशोब) सेटअप फाइलमध्ये कोणते फोर्स वगळायचे याची एक जागा असते. एकदा तिथं फक्त "मसल्स" लिहून रन करा, एकदा "मसल्स" सोबत यादीतल्या बाकीच्या सगळ्या फोर्सची नावंही लिहून. नुसतं "ऑल" लिहू नका, त्यानं प्लेटचं बाहेरचं बळही वगळलं जाऊ शकतं. दोन्ही रनचे सांध्यांचे मोमेंट एकमेकांवर प्लॉट करा. दोन्ही रेषा एकावर एक बसल्या तर स्नायू सोडून मॉडेलमधलं बाकी काही बळ लावत नाहीये. जिथं रेषा फाकल्या तिथं स्नायू नसलेलं कुणीतरी ओढतंय किंवा ढकलतंय, आणि नेमक्या कुठल्या सांध्यावर तेही कळतं. त्या पोराच्या डेटावर हे केलं तर घोटा जुळला, खुबा जुळला आणि गुडघ्याच्या रेषा इतक्या फाकल्या की तो म्हणाला दादा स्केल चुकलंय का.

पायरी ३: डिग्री का रेडियन

आता तो गुडघा.

आपल्याकडच्या कामाला परदेशी मॉडेल लावताना एक गोष्ट आधीच माहीत हवी. बरीच तयार मॉडेलं चालण्यासाठी केलेली आहेत. ते गेट २३९२ घ्या, २३ डिग्री ऑफ फ्रीडम आणि ९२ स्नायू म्हणून ते नाव, त्यात गुडघा १२० डिग्रीपर्यंत वाकतो. राजगोपाल नावानं ओळखलं जाणारं २०१६ चं मॉडेलही तिथपर्यंतच. चालायला, पांडवलेणीच्या पायऱ्या चढायला हे भरपूर झालं. पण आपला माणूस उकिडवा बसतो, मांडी घालतो, गंगेवर म्हणजे आपल्या गोदावरीवर घाटाच्या पायरीवर बसून कपडे धुतो, त्याचा गुडघा १२० ला थांबत नाही. म्हणून जास्त वाकणाऱ्या हालचालींसाठी ते राजगोपालचं मॉडेल सुधारून २०१७ मध्ये १४० पर्यंत नेलेलं मिळतं. पोरानं ते घेतलं, छान केलं. मग त्याला वाटलं की १४० च्या पुढं गुडघा जाऊ नये म्हणून स्वतः एक लिमिट फोर्स टाकू.

त्यानं काय केलं, मॉडेल फाइलमध्ये गुडघ्याच्या कोऑर्डिनेटची रेंज बघितली, तिथं १४० चं रेडियन म्हणजे २.४४ लिहिलेलं होतं, तोच आकडा उचलून लिमिट फोर्सच्या वरच्या मर्यादेत टाकला. स्टिफनेस २. आता गंमत अशी की एकाच फाइलमध्ये कोऑर्डिनेटची रेंज रेडियनमध्ये लिहितात आणि लिमिट फोर्सची मर्यादा डिग्रीत, स्टिफनेस पण न्यूटन-मीटर दर डिग्रीला. म्हणजे सॉफ्टवेअरला समजलं की गुडघा २.४४ डिग्रीलाच अडवायचा आहे, जवळपास ताठ उभा असतानाच.

हिशोब करून बघा. गडी खाली बसताना गुडघा ६० डिग्रीवर आला की मर्यादेच्या पुढं साडेसत्तावन्न डिग्री झाल्या, गुणिले २, म्हणजे ११५ न्यूटन-मीटर, एका गुडघ्याला, पाय सरळ करायच्या दिशेनं. ११० डिग्रीवर तेच २१५ होतं. एवढं बळ फुकटात मिळत असेल तर क्वाड्रिसेप्स कशाला काम करतील? उलट ते जास्तीचं बळ मोडायला गुडघा वाकवणारे हॅमस्ट्रिंग कामाला लागले. ऑप्टिमायझेशन बिचारं बरोबरच उत्तर देत होतं. मर्यादा १४० केली, दहा मिनिटांत क्वाड्रिसेप्स परत आले आणि पोरगा खाली चहा सांगायला गेला.

तर युनिटची ही यादी भिंतीवर लावा. कोऑर्डिनेटची रेंज आणि डिफॉल्ट व्हॅल्यू फाइलमध्ये रेडियन, पण स्क्रीनवर सॉफ्टवेअर डिग्रीत दाखवतं, त्यामुळे डोळे फसतात. कोऑर्डिनेट लिमिट फोर्स सगळा डिग्रीत, मर्यादा, स्टिफनेस, डॅम्पिंग, आणि ट्रान्झिशन नावाचा जो टप्पा आहे, ज्यात फोर्स हळूहळू चढतो, तोही. सांध्यावरची साधी स्प्रिंग, म्हणजे स्प्रिंग जनरलाइज्ड फोर्स, ती मात्र रेडियनमध्ये. बुशिंगचा फिरण्याचा स्टिफनेस रेडियनला, सरकण्याचा न्यूटन दर मीटरला. १ न्यूटन-मीटर दर डिग्री म्हणजे ५७.३ दर रेडियन, हा आकडा पाठच करून टाका, कारण कुठंतरी निकाल साधारण साठपट चुकलेला दिसला की चोर ओळखीचा. स्नायूचा पेनेशन अँगल, म्हणजे फायबर किती तिरपा बसलाय तो कोन, रेडियन. तिथं कुणी २५ लिहिलं तर निदान मिलार्डचं स्नायू मॉडेल सरळ एरर फेकतं, ते बरं. जे गप्प राहून चुकीचं उत्तर देतं त्याचीच भीती.

अजून एक, याच विषयातलं. कोऑर्डिनेटला रेंज दिली आणि "क्लॅम्प्ड" केलं म्हणजे सांधा त्यापुढं जाणार नाही असं सगळे धरून चालतात. इन्व्हर्स किनेमॅटिक्समध्ये, म्हणजे मार्करवरून सांध्यांचे कोन काढताना, खरंय ते. फॉरवर्ड सिम्युलेशनमध्ये, म्हणजे बळावरून हालचाल काढताना, क्लॅम्प काही अडवत नाही, गुडघा खुशाल उलटा वाकतो, तिथं अडवायला लिमिट फोर्स किंवा लिगामेंट असं खरं बळ लावणारं काहीतरी लागतं. उलट डेटातला माणूस १४५ पर्यंत वाकला असेल आणि मॉडेल १४० ला क्लॅम्प असेल तर किनेमॅटिक्समध्ये गुडघा १४० ला सपाट रेष मारत राहतो आणि मार्करची एरर वाढते. अशी सपाट रेष दिसली की आधी रेंज बघा.

पायरी ४: प्लस-मायनस

गेट २३९२ मध्ये गुडघा वाकला की कोन मायनस होतो, रेंज मायनस १२० ते प्लस १०. राजगोपालमध्ये वाकला की प्लस. एकातला लिमिट फोर्स किंवा स्प्रिंग दुसऱ्यात जशीच्या तशी टाकली की वरची मर्यादा खालची होते आणि खालची वरची. तपासायला काही अवघड नाही, कोऑर्डिनेटचं स्लाइडर हातानं सरकवा, मॉडेलचा पाय कुठं जातो ते बघा आणि कागदावर त्या फोर्सपुढं बाण काढा. डावा-उजवा दोन्ही पाय तपासा, एकाच बाजूला बदल करून दुसरी विसरणं हे फार होतं, माझ्याकडून तर नेमानं होतं.

पायरी ५: बाहेरचं बळ आणि उभं राहायची परीक्षा

फोर्स प्लेटचा डेटा हा माझ्या मते सगळ्यात मोठा खड्डा, आणि त्यावरचा उपाय सगळ्यात साधा. रेकॉर्डिंगच्या दिवशी माणसाला दोन पाय दोन प्लेटवर ठेवून नुसता दोन सेकंद उभा करा. तेवढ्या ट्रायलवर इन्व्हर्स डायनॅमिक्स चालवा आणि कमरेच्या म्हणजे पेल्व्हिसच्या उभ्या दिशेचा फोर्स बघा, ती पेल्व्हिस टी-वायवाली कॉलम. सगळं बरोबर असेल तर ती शून्याच्या आसपास येते, कारण वजन प्लेटनं उचललंय, कमरेला हवेतून धरायला कुणी नको.

६० किलोचा माणूस धरा, वजन ५८८ न्यूटन. कॉलममध्ये ५८८ च्या आसपास आलं तर प्लेटचं बळ मॉडेलला लागलेलंच नाही, फाइलचा पाथ किंवा कॉलमचं नाव चुकलंय. त्याच्या दुप्पट, ११७७ च्या जवळपास आलं तर बळ लागलंय पण उलटं, प्लेट माणसाला वर ढकलायच्या ऐवजी खाली ओढतेय. बऱ्याच प्लेट माणूस प्लेटला किती दाबतो ते देतात, आपल्याला प्लेट माणसाला किती ढकलते ते हवं. निम्मं आलं तर एकच प्लेट जोडली गेलीय. आणि उभा फोर्स ५८८ च्या आसपास आहे, शिवाय पुढं-मागं किंवा आडवाही तेवढाच आला तर अक्ष बघा, ओपनसिमच्या मॉडेलांमध्ये वाय वर, एक्स पुढं आणि झेड माणसाच्या उजवीकडं, आणि लॅबमध्ये झेड वर असतो बहुतेक.

उभा फोर्स शून्य, पण पेल्व्हिसचे मोमेंट लाखात? मग सेंटर ऑफ प्रेशर, म्हणजे प्लेटवर बळ लागायची जागा, मिलीमीटरमध्ये राहिलंय. ३५० मिलीमीटर सॉफ्टवेअरनं ३५० मीटर वाचलं, म्हणजे तुमचा माणूस इथं उभा आणि त्याचं बळ साडेतीनशे मीटर लांब लागतंय, ५८८ गुणिले ३५० म्हणजे दोन लाखाच्या वर न्यूटन-मीटर. हे मी स्वतः केलंय आणि तासभर मॉडेलच्या वस्तुमानात चूक शोधत बसलो होतो.

आता एक चूक अशी की ही परीक्षा तिला पकडत नाही. डाव्या प्लेटचं बळ उजव्या पायाला आणि उजवीचं डाव्याला जोडलं, तर एकूण बळ तेच राहतं, लागायची जागा जमिनीवर तीच राहते, म्हणून पेल्व्हिसचे आकडे साफ दिसतात आणि मधले खुबा-गुडघा-घोटा सगळे चुकीचे. त्यासाठी त्याच दिवशी एक एका पायावर उभं राहायची ट्रायल घ्या. हवेतल्या पायाच्या घोट्याचा मोमेंट जवळपास शून्य यायला हवा. हवेतल्या घोट्यावर मोमेंट दिसला तर अदलाबदल झालीय.

हातात क्रेट असेल तेव्हा अजून एक. आमच्या त्या ट्रायलला भरलेला क्रेट १५ किलोचा होता. प्लेटला माणूस अधिक क्रेट दोन्हीचं वजन कळतं, मॉडेलला क्रेट माहीतच नाही, मग कमरेला बरोब्बर १४७ न्यूटन उरतात. आकडा ओळखीचा वाटला पाहिजे, १५ गुणिले ९.८१. क्रेट मॉडेलमध्ये आणायचे दोन रस्ते. वजन हातांवर बाहेरचं बळ म्हणून टाका, प्रत्येक हाताला साडेत्र्याहत्तर खाली, पण तेव्हा बळाची दिशा ग्राउंडच्या फ्रेममध्ये लिहा आणि लागायची जागा हाताच्या फ्रेममध्ये. दिशा पण हाताच्या फ्रेममध्ये लिहिली तर मनगट फिरलं की गुरुत्वाकर्षणही फिरतं, क्रेट आडवा ओढायला लागतो. दुसरा रस्ता म्हणजे क्रेटचं वजन अर्धं-अर्धं करून दोन बॉडी दोन हातांना वेल्ड करायच्या. उचलताना झटका असेल तर हा बरा, कारण क्रेटचं जडत्वही हिशोबात येतं.

पायरी ६: आता स्नायू

इथवर सगळं साफ असेल तरच स्नायूकडं वळायचं.

स्नायूच्या लांबीचा हिशोब डोक्यात ठेवा, टेंडनची लांबी आणि तिरप्या बसलेल्या फायबरची लांबी मिळून हाडापासून हाडापर्यंतचा रस्ता. टेंडन स्लॅक लेंग्थ, म्हणजे ताण नसतानाची टेंडनची लांबी, जास्त लिहिली गेली की फायबरला जागाच उरत नाही, तो आखडून बसतो आणि पूर्ण अ‍ॅक्टिव्हेट केला तरी जोर देत नाही. कमी लिहिली की फायबर कायम ताणलेला, मग स्नायू बंद असूनही पॅसिव्ह बळ लावत राहतो. किती चूक चालते ते स्नायूवर आहे. गेट २३९२ मधला सोलियस घ्या, पोटरीचा, त्याचा फायबर ५ सेंटीमीटर आणि टेंडन २५. टेंडनमध्ये १ सेंटीमीटर इकडं तिकडं झालं की फायबरच्या २० टक्के चूक झाली. सार्टोरियसचा फायबर अर्ध्या मीटरच्या आसपास, त्याला तोच १ सेंटीमीटर २ टक्के, त्याला कळणारही नाही. म्हणून छोट्या फायबर-लांब टेंडनवाल्यांपासून तपास सुरू करा.

तपासायचं कसं, प्लॉट टूल उघडा, स्नायू निवडा, आडव्या अक्षावर सांध्याचा कोन घ्या आणि आधी मोमेंट आर्म, म्हणजे सांध्यापासून स्नायूच्या ओढीच्या रेषेचं अंतर, बघा. रेषा गुळगुळीत हवी. मध्येच उडी असेल तर स्नायूचा रस्ता हाडातून आरपार जातोय किंवा रॅप केलेल्या सिलिंडरवरून घसरतोय, आणि उकिडव्या बैठकीत, गुडघा फार वाकल्यावर, हे सर्रास होतं. मग नॉर्मलाइज्ड फायबर लेंग्थ, म्हणजे फायबरची लांबी भागिले त्याची ऑप्टिमल लांबी, बघा, तुमच्या हालचालीत ती साधारण ०.५ ते १.५ च्या आत राहायला हवी, बाहेर गेली की सक्रिय बळ जवळपास नाहीच. मग पॅसिव्ह बळ. इक्विलिब्रियम जमत नाही अशी एरर ज्या स्नायूच्या नावानं आली तो बहुतेक या प्लॉटमध्येही वेडावाकडा दिसतोच.

स्केल टूल फायबर आणि टेंडनची लांबी माणसाच्या मापात आणतं, पण मॅक्स आयसोमेट्रिक फोर्स, म्हणजे स्नायूची जास्तीत जास्त ताकद, बदलत नाही. ४५ किलोच्या मुलीला आणि ९० किलोच्या पैलवानाला तीच ताकद मिळते. आणि स्केल झाल्यावर स्नायूचा एखादा पॉइंट हातानं सरकवलात तर टेंडनची लांबी आपोआप जुळवली जात नाही, ती तुमची तुम्हाला बघावी लागते.

पायरी ७: रिझर्व्ह, म्हणजे उधारीची ताकद

स्टॅटिक ऑप्टिमायझेशन तक्रार करतं की मॉडेल कमजोर आहे, मग कुणीतरी सांगतं रिझर्व्ह अ‍ॅक्च्युएटर, म्हणजे सांध्यावर जादाची मोटर, लाव. लावा, पण दोन ठिकाणी जपून.

एक, "रिप्लेस फोर्स सेट" नावाचा पर्याय. तो ट्रू राहिला तर तुमची रिझर्व्हची फाइल स्नायूंमध्ये मिळवली जात नाही, स्नायू काढून त्यांच्या जागी बसते. रन भराभर होतो, एरर नाही, आणि निकालात स्नायूच नाहीत. फॉल्स ठेवा.

दोन, ऑप्टिमल फोर्स. नावावरून वाटतं मोठा म्हणजे चांगला. ऑप्टिमायझेशन अ‍ॅक्टिव्हेशनचा वर्ग कमीत कमी ठेवायला बघतं. रिझर्व्हचा ऑप्टिमल फोर्स १ असेल तर १० न्यूटन-मीटर द्यायला त्याला कंट्रोल १० लागतो, वर्ग १००, फार महाग, म्हणून तो अगदी गरज पडली तरच वापरला जातो. तोच १०० ठेवला तर कंट्रोल ०.१, वर्ग ०.०१, जवळपास फुकट, मग स्नायू बसून आणि रिझर्व्ह राबतोय. म्हणून १ च्या आसपास ठेवा आणि कंट्रोलची मर्यादा मोकळी सोडा. रन झाला की फोर्सच्या फाइलमध्ये रिझर्व्हच्या कॉलम काढून बघायच्या, त्या सांध्याच्या मोमेंटच्या ५ टक्क्यांच्या आत असतील तर ठीक. हिशोब जुळवायला पेल्व्हिसला लावलेल्या रेसिड्युअल बळांनाही तोच अंदाज, बाहेरच्या सर्वात मोठ्या बळाच्या ५ टक्के, म्हणजे ६० किलोचा माणूस चालताना साधारण ३० न्यूटन. आरआरए, म्हणजे ही रेसिड्युअल बळं कमी करायची पायरी, करणार असाल तर रेसिड्युअल अ‍ॅक्च्युएटर पेल्व्हिसच्या सेंटर ऑफ मासवर लागतात, तो पॉइंट स्केल केल्यावर बदलतो आणि अ‍ॅक्च्युएटरच्या फाइलमध्ये जुनाच राहतो, हातानं बदला.

अ‍ॅक्टिव्हेशन करवतीच्या दात्यांसारखं येत असेल तर फोर्सच्या मागं लागू नका. किनेमॅटिक्स फिल्टर केलेलं नसतं. कटऑफच्या जागी मायनस १ असेल तर त्याचा अर्थ फिल्टर बंद. चालण्याला ६ हर्ट्‌झ बरेच जण वापरतात.

कॉन्टॅक्ट आणि बुशिंग, थोडक्यात

फॉरवर्डमध्ये माणूस जमिनीतून खाली पडत असेल तर आधी जमीन बघा. कॉन्टॅक्ट हाफ स्पेस, म्हणजे जमिनीसाठी वापरतात तो सपाट आकार, आपल्या एक्स अक्षाच्या प्लस बाजूला भरीव असतो, म्हणजे डिफॉल्टला ती भिंत आहे. जमीन करायला झेडभोवती मायनस १.५७०८ रेडियन फिरवावी लागते. प्लस लिहिलं तर छत होतं. कॉन्टॅक्ट फोर्सच्या प्रकारांपैकी हंट-क्रॉसली गोल आणि सपाट जमीन यांच्यात चालतो, मेशचं हाड असेल तर इलॅस्टिक फाउंडेशन घ्या. स्टिफनेसचा आकडा लाखा-कोटीत असतो, घाबरू नका. फार वाढवला की रन मात्र रांगायला लागतो. आधी नुसता एक गोळा जमिनीवर टाकून बघा, मग पाय.

बुशिंगमध्ये दोन्ही बॉडीवरच्या फ्रेम न्यूट्रल पोझला एकमेकांवर बसल्या पाहिजेत, नाहीतर माणूस नुसता उभा असतानाही बुशिंग ओढत राहतं. बुशिंगच्या ओळी तपासताना स्टिफनेसच्या आधी फ्रेमचे आकडे बघा.

तरीही अडलात तर

कुणाला विचारायला जाताना "चालत नाहीये" एवढंच घेऊन जाऊ नका. एका फोल्डरमध्ये मॉडेल, सेटअपच्या सगळ्या फाइल, मोशन, प्लेटचा डेटा, लॉग आणि ती दोन सेकंद उभं राहायची ट्रायल टाका, पेशंटचं नाव फाइलच्या नावातून काढा आणि पाथ छोटे करा, "डेस्कटॉपवरच्या न्यू फोल्डरमधलं न्यू फोल्डर" माझ्या मशीनवर नसतं. वर एका ओळीत लिहा की शेवटचं बरोबर कधी चाललं होतं आणि त्यानंतर काय बदललं. त्या क्रेटवाल्या पोरानं ही ओळ लिहिली होती, "गुडघ्याला लिमिट लावला", आणि तीन आठवडे ती त्याच्याच वहीत पडून होती.